कोल्ह्याची हमखास मुळी

मुलांनो, टिटवी काही झाडावर घरटे बांधत नाही. ती उघड्यावरच अंडी घालते आणि दिवसभर डोळ्यांत तेल घालून राखण करते. अशीच एक टिटवी ओढ्याकाठच्या गोट्यांत चार अंडी सांभाळत होती. तिथे मुळ्या विकणारा एक कोल्हा आला. "टिटवीताई, ही मुळी अंड्यांपाशी ठेव. साप फिरकला तर नाव बदलीन माझे. मोबदल्यात रोज दुपारी तेवढी माझ्या बिळाची राखण कर," तो म्हणाला. बिचारी भुलली.

मग काय, आपली अंडी मुळीच्या भरवशावर टाकून ती दुपारभर परक्याच्या दारात बसू लागली. तिसऱ्या दिवशी परतते तो काय, नाग त्या मुळीवरूनच सरपटत अंड्यांपाशी आलेला. चोची मारमारून तिने त्याला हुसकले, पण तोवर एक अंडे गेले होते. उरलेल्या तीन अंड्यांसाठी तो उद्या पुन्हा येणार, हे तिला पक्के ठाऊक होते.

ती कोल्ह्याकडे धावली. "एकदा दिलेला माल परत घेत नाही," तो तोंड फिरवून म्हणाला. सशानेही तीच मुळी घेतली होती. तो कुजबुजला, "जाऊ दे गं, चारचौघांत आपलीच शोभा कशाला?"

"होऊ दे शोभा. माझी तीन अंडी अजून जिवंत आहेत," टिटवी म्हणाली आणि थेट हत्तीकडे गेली. जंगलाचा न्याय तोच करी.

हत्तीने सगळ्यांना कोल्ह्याच्या बिळापाशी बोलावले. "आपला कायदा साधा आहे," तो म्हणाला. "विकणाऱ्याने माल आपल्या घरी वापरून दाखवायचा. कोल्ह्या, मुळी दारात ठेव. तुझी पिल्ले आत राहू देत. नागाला मी बोलावले आहे."

कोल्हा हसायला गेला, पण हसू येईना. पाचोळ्यात सळसळ झाली. नागाचा फणा मुळीपाशी आला तसा कोल्हा ओरडला, "थांबवा त्याला, महाराज. ती एरंडाची साधी मुळी आहे."

हत्तीने सोंड आडवी घालून नागाला अडवले. "हे टिटवीला कधी सांगणार होतास?"

तेव्हा कुठे ससा पुढे आला आणि म्हणाला, "मलाही यानेच फसवले." त्याच्यामागून तितर आला, मग साळिंदर. मुळ्यांचा धंदा त्याच दिवशी बंद झाला. हत्तीच्या हुकमाने अंडी फुटेपर्यंत मोराने टिटवीकडे पहारा दिला आणि मोराचे दोन वेळचे दाणे कोल्ह्याला वेचून आणावे लागले. पुढे तीन पिल्ले गोट्यांतून तुरुतुरु धावली. चौथ्याची आठवण मात्र टिटवीला जन्मभर राहिली.

तात्पर्य : फसवणाऱ्याचा धंदा फसलेल्यांच्या गप्प बसण्यावर चालतो, म्हणून फसवणूक झाली तर लाजू नका, तक्रार करा. कायदा आपल्यासाठीच असतो, पण त्याचे दार आपल्यालाच ठोठावावे लागते.