वाजंत्र्यांच्या परातीतला लाडू

एका गावात, जिथं सनईशिवाय नवरी उंबरठा ओलांडत नसे अशा गावात, एक सनईवाला राहत होता. त्याची सनई सुरू झाली की रडणारी पोरं गप्प व्हायची आणि रुसलेले व्याही जेवायला बसायचे.

एकदा पाटलाच्या नातवाचं बारसं होतं. सनईवाल्यानं दिवसभर वाजवलं, आणि संध्याकाळी त्याच्यापुढं शेंगदाण्याचा लाडू आला. आता पाटलाघरी लाडवांच्या पराती दोन असायच्या. पाहुण्यांच्या लाडवात चांगला गूळ, आणि वाजंत्र्यांच्या लाडवात ढेपेच्या तळाचा, मातीखड्यांचा. "वाजवणाऱ्यांना काय कळतंय? खातील गुमान," असं पाटील आचाऱ्याला सांगायचा.

सनईवाल्यानं भुकेपोटी लाडवाचा कडकन् चावा घेतला. पुढचा दात अर्धा तुटून खड्याबरोबर हातात आला.

सनई फुंकताना ओठाला मागून दाताचा टेका लागतो. टेका गेला की वारा निसटतो. बाजारगावचा दात बसवणारा म्हणाला, "आत्ता टोपण बसवलं तर निभेल. एका शेळीची किंमत पडेल. थांबलास तर शेजारचाही जाईल."

घरात शेळी एकच, आणि तिच्या दुधावर लेकरू. सनईवाला पाटलाकडं गेला.

पाटील हसला. "अरे, दात तुझा, तोंड तुझं. मग खर्च माझा कसा?"

"पाटील, खडा तुमचा होता."

"बघून खायचंस! आणि बाकीचे दात आहेत की, का तेही मीच मोजू?"

घरी बायको चुलीपुढं धुमसत होती. "अहो, राग येत नाही का तुम्हांला?"

"येतो गं. आजवर तो सनईतनं फुंकून टाकत होतो. आता फुंकायचीही सोय राहिली नाही."

त्यानं तो खडा धोतराच्या सोग्यात बांधून ठेवला.

पावसाळा सरला. शेजारचा दातही गेला. मग पाटलाच्या लेकीचं लग्न निघालं आणि सनईवाल्याला बोलावणं आलं. भरल्या मांडवात त्यानं सनई ओठाला लावली, तर नुसतं फुस्स! पोरं खिदळली. वरपक्षाकडच्या आजीबाईंनी नाक मुरडलं.

पाटील धावत आला. "वाजव की रे! माझी अब्रू चाललीय."

सनईवाल्याच्या कपाळाची शीर ताठली. जन्मात पहिल्यांदा तो मोठ्यानं बोलला, "लेक तुमची, मांडव तुमचा. मग सूर माझा कसा?" गाठ सोडून त्यानं खडा पाटलाच्या तळहातावर ठेवला. "घ्या. तुमचाच आहे. वाजवा."

आजीबाई पुढं झाल्या. "कसला खडा रे बाबा?" त्यानं सगळं सांगितलं. त्या तडक मुदपाकात गेल्या. आजही पराती दोनच होत्या. त्यांनी वाजंत्र्यांच्या परातीतला लाडू आणून पाटलापुढं धरला.

"पोरीचा दोष नाही, सून आम्ही नेणार. पण आधी हा खा."

पाटलाचे सगळे दात शाबूत होते, पण तोंड काही उघडेना. मांडवभर लोक बघत राहिले.

लग्न सनईविनाच लागलं. दुसऱ्या दिवशी पाटलानं दोन्ही दातांचा खर्च सनईवाल्याच्या घरी पोचता केला. दात बसले. सनईही पुन्हा वाजली, गावातल्या प्रत्येक दारात वाजली. पाटलाच्या दारात मात्र कधीच नाही.

तात्पर्य इतकंच: ज्याच्या घासात आपण खडा घातला, त्याच्या दाताचा खर्च आपलाच. तो गुपचूप दिला नाही, तर चारचौघांत भरावा लागतो.