फाट्यावरचं पोलादी कडं

कराडजवळ नव्या गॅसवाहिनीला शाळेच्या बाजूने फाटा काढला होता. मुख्य नळाला भोक पाडून लहान नळ जोडला होता, पण भोकाभोवती जाड पोलादी कडं वेल्ड करायचं टाळलं होतं. तपासणीला आलेल्या इंजिनियर शुभदा तांबट यांनी सही करायला नकार दिला.

वाहिनी टाकणाऱ्या कंपनीचे मालक घोरपडे भडकले. "उद्या उद्घाटन आहे, मॅडम! नळ अस्सल पोलादाचा आहे. एवढ्याशा भोकाने त्याचं काय बिघडणार?"

शुभदाताईंनी त्यांच्या कोटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कोटाचं कापडही अस्सल दिसतंय. मग काजांभोवती उगाच दोरा कशाला? उसवू का?"

घोरपड्यांचा हात आपसूक छातीशी गेला. "अहो, दोरा काढला तर काज फाटत जाईल!"

"नुसत्या बटणाच्या ओढीने?" शुभदाताईंनी शांतपणे विचारलं. "इथे तर आतून गॅसचा दाब असणार आहे."

घोरपड्यांनी शाळेच्या पटांगणाकडे पाहिलं. मग त्यांनी उद्घाटन पुढे ढकललं आणि वेल्डरला बोलावून घेतलं. शुभदाताई निघाल्या, तेव्हा गाडीपर्यंत येऊन घोरपड्यांनी हळूच विचारलं, "आमचे बाकीचे फाटेही एकदा तपासून द्याल का?"