नॉर्वेचं तळं, मेक्सिकोचं अंगण

"मग बर्फ कुठून आणणार?" सेवेरोंनी विचारलं.

"बर्फ नाही, माएस्त्रो. गारा," इनेस म्हणाली. "आपल्या शहरात गारांचा पाऊस पडतोच की. बर्फाच्या कारखान्यातून दोन ट्रक गारा मागवल्या आहेत. सगळी गल्ली पांढरी करणार."

सेवेरो वाटाण्याच्या शेंगा सोलत राहिले.

सेवेरो तापिया अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळीस चित्रपटांच्या पटकथा लिहून झाल्यावर मेक्सिको शहरातल्या एका जुन्या वस्तीत खोली घेऊन राहिले होते. मध्ये अंगण, भोवती खोल्या, अंगणात धुण्याचा सामाईक हौद. आपल्याकडच्या चाळीची ही लांबची मावसबहीण. तिथे सगळे त्यांना माएस्त्रो म्हणत, म्हणजे गुरुजी.

इनेस बार्रागान एकतीस वर्षांची. परदेशात सिनेमा शिकून आलेली, लघुपटाला बक्षीस मिळवलेली. नॉर्वेतली एक कादंबरी तिनं उचलली होती आणि कथा मेक्सिकोच्या अशाच एका वस्तीत आणली होती. निर्मात्याची अट एकच होती : पटकथेवर सेवेरोंची सही हवी. इनेस सल्ल्यासाठी आली नव्हती. सहीसाठी आली होती.

"कादंबरीत काय आहे?" सेवेरोंनी विचारलं.

"दोन भाऊ. तळ्याच्या दोन काठांवर राहतात. वीस वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. एका हिवाळ्यात तळं गोठतं. धाकटा बर्फावरून चालत थोरल्याच्या दारात जातो आणि दोघं बोलतात."

"आणि तुझ्यात?"

"गल्लीच्या दोन बाजूंना दोन भाऊ. गारा पडतात. धाकटा गारांवरून चालत जातो. मग अकरा पानांचा संवाद. मूळ लेखकाचा एक शब्दही मी सांडलेला नाही."

"गल्ली किती रुंद?"

"असेल... दहा पावलं."

"दहा पावलं ओलांडायला दोन ट्रक गारा लागतात?"

इनेस हसली नाही. "तळ्याच्या जागी काहीतरी हवंच ना, माएस्त्रो. तळं आहे म्हणून तर ते भाऊ दुरावलेत."

"तळं आहे म्हणून दुरावलेत... की दुरावलेत म्हणून ते तळं आहे?"

इनेसनं पटकथा पुढे सरकवली. "सही करताय ना?"

सेवेरोंनी शेंगांची परडी तिच्या मांडीवर ठेवली. खुर्ची उचलून दाराबाहेर नेली. दुसरी तिच्यासाठी मांडली.

"बस. आज ब्लँकेटं धुवायचा दिवस आहे."

ती बसली. ऊन चांगलं होतं. हौदावर दोन बायका शेजारी शेजारी कपडे घासत होत्या. दोघी पन्नाशीच्या पुढच्या, दोघींचं नाक अगदी सारखं.

इनेसनं दहा शेंगा सोलल्या, वीस सोलल्या. दोघींपैकी एकीनंही अवाक्षर काढलं नाही.

"बहिणी आहेत," सेवेरो हळू आवाजात म्हणाले. "थोरली ओबदुलिया, धाकटी चायो. पुतणीच्या लग्नात चायोनं मोठ्या हौसेनं मिरच्यांचा रस्सा रांधला होता. ओबदुलिया शंभर पाहुण्यांसमोर म्हणाली, खारट झालाय."

"मग?"

"मग काही नाही. सहा वर्षं अबोला. दारं मात्र एकमेकींना लागून आहेत."

"आणि रस्सा खरंच खारट होता?"

"मी खाल्लाय... फार खारट होता."

तेवढ्यात ओबदुलियानं हौदातून ब्लँकेट वर ओढलं. जाड, लोकरीचं, पाण्यानं शिशासारखं जड झालेलं. एकटीनं ते पिळणं शक्यच नव्हतं.

तिनं कुणाला हाक मारली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत ब्लँकेटचं एक टोक नुसतं बाजूला धरलं.

टोकातून पाणी गळत राहिलं...

चायोनं एप्रनला हात पुसले. टोक धरलं. चार पावलं मागे सरकली.

एकीनं एका बाजूला पीळ दिला, दुसरीनं उलट्या बाजूला. ब्लँकेट दोरखंडासारखं ताठ झालं. दोघी मागे रेलल्या. एकीचा हात सुटला असता तर दुसरी पाठीवर पडली असती. कुणाचाच हात सुटला नाही. फरशीवर धो धो पाणी पडलं.

मग दोघींनी मिळून ते दोरीवर टाकलं. ओबदुलियानं, कुणी न सांगता, चायोच्या चादरीचं टोक उचललं.

इनेसच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"दर आठवड्याला?" तिनं विचारलं.

"दर आठवड्याला."

इनेस उठली आणि ओबदुलियाच्या दारात गेली. "बाई, आत्ता तुम्ही जे केलंत ते माझ्या चित्रपटात घेऊ का?"

"मला काय विचारतेस? शेजारच्या बाईंना विचार."

ती शेजारच्या दारात गेली. चायो म्हणाली, "घे की. पण तिला सांग, तिचा पीळ ढिला असतो. सिनेमात तरी नीट पिळ म्हणावं."

इनेसनं निरोप पोचवला. ओबदुलियाचा निरोप परत आला : पीळ ढिला नाही, धरणारीचे हात मऊ आहेत. असे चार निरोप दोन पावलांवरून इकडून तिकडे गेले. चौथ्याला इनेसला हसू आवरेना. आतून चायोच्या हसण्याचा आवाज आला. भिंतीपलीकडे ओबदुलियाला खोकल्याची मोठी उबळ आली, ती फारशी खरी वाटली नाही.

इनेस हौदाच्या काठावर बसली. संवादाच्या अकरा पानांवर तिनं एकेक आडवी रेघ मारली. पहिल्या रेघेला हात थांबला, पुढच्या दहांना नाही. मग पाठच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली. ब्लँकेट निथळता निथळता एक पान झालं. त्यात दोन भाऊ होते, अंगण होतं, ओलं ब्लँकेट होतं. संवाद नव्हता.

सेवेरोंनी ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. खिशातून पेन काढून सही केली.

"आणि गारा?" त्यांनी विचारलं.

"कारखान्याला नको म्हणून कळवते." इनेस थोडी घुटमळली. "एकच शंका आहे, माएस्त्रो. कादंबरीतले भाऊ शेवटी बोलतात. या दोघी कधी बोलणार?"

सेवेरोंनी अंगणाकडे पाहिलं. दोरीवरून पाणी अजून थेंब थेंब गळत होतं...

"घाई कुणाला आहे? कपडे रोज मळतात."