भुरीची बधिर दाढ

फार पूर्वी रानात दाढदुखीला एकच वैद्य होता, सुतारपक्षी. भुरी वानरीण किडलेली दाढ घेऊन त्याच्याकडे आली. त्याने तिच्या हिरडीला आणि गालाला आतून बधिर करणारी अक्कलकाऱ्याची फुलं चोळली, थोडा वेळ थांबला आणि दाढ उपटली.

"सुतारकाका, ओढलेलं कळलं. मग दुखलं कसं नाही?"

"दुखण्याचा निरोप बारीक नसा नेतात. या रसाने आधी त्यांची दारं बंद होतात. स्पर्श सांगणाऱ्या जाड नसा उशिरा गप्प होतात."

"मग ती दारं कायमचीच बंद करा की!"

"वेडी आहेस. बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नकोस, एवढं पाळ."

पण भुरी तीन दिवसांची उपाशी होती. झाडावर जाताच ती केळी मिटक्या मारत खाऊ लागली. शेजारच्या फांदीवरून थोरली बहीण किंचाळली, "अगं थांब! केळ्याला रक्त कुठलं?"

भुरीने गालात बोट घालून पाहिलं. केळ्याबरोबर तिने स्वतःचा गालही चावून काढला होता.

संध्याकाळी गाल ठणकू लागला. बहीण कळवळून म्हणाली, "फुलं आणू का गं?"

"नको अक्का," भुरी डोळे पुसत म्हणाली. "केळं कुठे संपतं आणि मी कुठे सुरू होते, ते आता कळतंय."