अकरा पानं राहिली

"पुस्तक अर्धं ठेवून माणूस गेलं, तर त्याला शेवट कोण सांगतं?"

सिद्रामनं हे दवाखान्यातल्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "बाजूला सरका."

मातीच्या वेळी आलेल्या जंगमांना विचारलं. त्यांनी त्याच्या कपाळाला विभूती लावली.

आईला विचारलं, तर ती पुन्हा रडायला लागली.

नवव्या दिवशी तो मठात आला आणि अप्पांना विचारलं.

अप्पा एका जुन्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कुठलं पुस्तक?"

"रणसुभे. भाग सत्तावीस."

"किती पानं राहिली?"

"अकरा."

अप्पा खळ लावत राहिले...

गावाबाहेर करंजांच्या सावलीत हा मठ. त्यात पुस्तकांचं कपाट एकच. वरच्या फळीवर संतांची वचनं, खालच्या फळीवर खून. एसटीतला एक कंडक्टर मठाचा भक्त होता. इन्स्पेक्टर रणसुभेचा नवा भाग निघाला की तो शहरातून आणून अप्पांच्या पायाशी ठेवायचा. आधी अप्पा वाचायचे. मग गौराक्का घरी न्यायची. गौराक्का म्हणजे सिद्रामची थोरली बहीण. ती वाचायची आणि सिद्राम ऐकायचा, कारण सिद्राम चौथी नापास होता आणि जोडाक्षर आलं की त्याची गाडी बंद पडायची.

पंचक्रोशीत अप्पा दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. एक म्हणजे संन्यासी असून ते खुनाच्या कादंबऱ्या वाचायचे. आणि दुसरं, ते खोटं बोलत नसत. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, "अप्पा, आमटी कशी झालीय?" तर अप्पा म्हणायचे, "खारट." त्यामुळे लोक त्यांना पंगतीला बोलवायचे, पण आमटीचं विचारायचे नाहीत.

"पिशवी जड दिसते," अप्पा म्हणाले.

"टॉमी आहे."

नाक्यावर सिद्रामचं पंक्चरचं दुकान होतं. टॉमी म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पहार, हातभर लांब.

"कुणाचं टायर काढायचंय?"

"दाजीचं."

अप्पांचा हात थांबला. "मल्लिनाथचं?"

"सोमवारी ताप आला तिला. दवाखान्यात नेली गुरुवारी. मधले दिवस काय करत होता तो? टेंपो पुसत होता? त्यानंच घालवली तिला, अप्पा. आज त्याचा हात मोडणार. आधी हे पुस्तक परत देतो. मग त्याच्याकडं जातो. म्हणजे मागं काही राहायला नको."

"तुला कसं कळलं, त्यानंच?"

सिद्राम हसला. नऊ दिवसांत पहिल्यांदा. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता.

"अप्पा, सव्वीस भाग ऐकलेत मी. सव्वीसच्या सव्वीस वेळा खुनी आधी ओळखलाय. अक्काला विचारा..." तो थांबला. मग पुढं म्हणाला, "एकदाही चुकलो नाही. शेवटचं पान आलं की अक्का म्हणायची, 'सिद्या, तुझंच बरोबर निघालं की रे!'"

"मग पुस्तकं चांगली कळतात तुला."

"कळतात म्हणजे? पहिले पाच भाग कडक. सहाव्यापासून लेखक आळसावला. पहिल्याच पानावर वादळ आणून वीज घालवली, की समजायचं गड्याला काही सुचलेलं नाही. नवव्यात परत जोर धरला. बाराव्यात रणसुभेला प्रेमात पाडलं, तिथं घात केला. आता तपास करणार का फुलं घेऊन फिरणार तो? आणि विसावा सगळ्यात भारी. त्यात मेलेल्या माणसाच्या चपला उलट्या ठेवलेल्या असतात, तिथंच मी म्हटलं, डॉक्टर!"

"बरोबर. डॉक्टरच," अप्पा म्हणाले.

"बघा! आणि चौदाव्यात माळी. तालमीतला एक शहाणा मला सांगत होता, खुनी वहिनी आहे म्हणून. म्हटलं, तुला वाचता येतं का? वाद घालायला लागला. कानाखाली दिली एक."

"अरेरे."

"अरेरे काय? माझा नियम आहे, अप्पा. जो सगळ्यात जास्त रडतो, तो खुनी. कुठलाही भाग घ्या. आणि दाजी रोज तिच्या समाधीपाशी जाऊन बसतो. सकाळपासून. रडतो. एवढं कुणी रडतं का उगाच?"

अप्पांनी खळीची वाटी बाजूला सरकवली.

"तिच्या मातीला सगळ्यात जास्त कोण रडलं?"

त्या दिवशी सिद्रामला चौघांनी धरून बाजूला न्यावं लागलं होतं. गावानं पाहिलं होतं.

"मी," तो म्हणाला.

"बुधवारी तू कुठं होतास?"

"तिच्याकडं."

"काय करत होतास?"

"ती वाचत होती. मी ऐकत होतो."

"ताप होता तिला?"

बाहेर करंजावर एक कावळा ओरडला, गप्प झाला, पुन्हा ओरडला.

"होता," सिद्राम म्हणाला. "म्हणाली, डोळे चुरचुरतात रे, राहू दे आज. मी म्हटलं, वाच की अक्का, आता तर रंगात आलंय. मग वाचलं तिनं. अकरा पानं राहिली तेव्हा म्हणाली, आता नाही होत. म्हणाली, सिद्या, दर वेळी तू सांगतोस, या वेळी मी सांगते. पोस्टमन. लाव पैज."

"लावलीस?"

"हसलो मी. म्हटलं, उद्या बघू."

अप्पांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

सिद्राम ताडकन उठला. "म्हणजे मी खुनी? असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी कुठं म्हटलं? नियम तुझा आहे."

"नियम चुकत नाही माझा! सव्वीसच्या सव्वीस!"

"चौदावा भाग काढ."

"काय?"

"खालची फळी. चौदावा काढ. शेवटचं पान वाच."

"अक्कानं वाचलंय."

"तू वाच."

सिद्रामनं भाग काढला. उभ्यानंच शेवटचं पान उघडलं, ओळीखाली बोट धरलं आणि एकेक अक्षर लावत गेला. एका ठिकाणी बोट थांबलं. मागं आलं. पुन्हा त्याच शब्दावर गेलं.

"वहिनी," तो म्हणाला. "अप्पा, इथं वहिनी लिहिलंय. छापणाऱ्यानं चुकवलं."

"पान उलट."

मागचं कोरं पान होतं. त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं. ते अक्षर सिद्रामनं लगेच ओळखलं. दुकानाच्या पाटीवर 'पंक्चर' हे त्याच अक्षरातलं होतं. त्याच्याच्यानं ते जोडाक्षर निघत नव्हतं म्हणून अक्कानं लिहून दिलेलं.

तो वाचू लागला.

*भाग १४. खुनी वहिनी. सिदूला माळी सांगितला. माळ्याच्या खिशात वहिनीची बांगडी घालावी लागली. जुळवताना जीव मेटाकुटीला आला.*

सिद्राम खाली बसला.

मग त्यानं नववा ओढला.

*भाग ९. खुनी मामा. सिदूला स्वयंपाकी सांगितला. दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होता.*

मग तिसरा. मग सतरावा. मग हाताला येतील तसे. मुनीम होता, त्याचा शेजारी झाला होता. जुळा भाऊ होता, त्याचा ड्रायव्हर झाला होता. एका भागात खून झालाच नव्हता, आत्महत्या होती. तिथंही अक्कानं सिद्रामसाठी एक खुनी उभा केला होता आणि त्याला चांगली जन्मठेप दिली होती.

विसावा त्यानं भीतभीत उघडला.

*भाग २०. खुनी डॉक्टर. सिदूचं खरंच बरोबर आलं! काहीच बदलावं लागलं नाही. वाचताना उगीच चुकल्यासारखं वाटलं.*

सिद्रामनं विसावा मिटला.

"सव्वीसमध्ये एक," सिद्राम म्हणाला.

"एक."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पुस्तकं माझ्याकडंच परत यायची."

"मग सांगितलं का नाही मला?"

"तू विचारलं नाहीस."

सिद्राम पुस्तकांच्या पसाऱ्यात बसून राहिला. पिशवी जवळच होती. टॉमीचं टोक बाहेर आलं होतं. त्याच्याकडं बघवेना. तालमीतल्या त्या पोराचा गाल आठवला. दाजीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर आठवेना. नऊ दिवसांत त्यानं तो नीट पाहिलाच नव्हता.

"अप्पा, मला काहीच कळत नाही मग."

अप्पा उठले. पिशवीतली टॉमी काढली, हातात तोलली, आणि खळ लावलेल्या पुस्तकावर दाब म्हणून ठेवली.

"बरं वजन आहे," ते म्हणाले. "उद्यापर्यंत लागेल."

मग त्यांनी पिशवीतला सत्ताविसावा भाग काढला. अक्कानं खूण म्हणून त्यात केसांतली पिन ठेवली होती. तिथं पुस्तक उघडलं आणि उघडंच सिद्रामच्या दोन्ही हातांवर ठेवलं.

मठाच्या मागं समाजाची रुद्रभूमी, माती द्यायची जागा. गौराक्काची माती अजून ओली दिसत होती. मल्लिनाथ शेजारी उकिडवा बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. सिद्रामला येताना पाहून तो उठला नाही, पळाला नाही. मान खाली घालून बसला. जे होईल ते होऊ दे, असा.

"दाजी, जरा सरका," सिद्राम म्हणाला.

मल्लिनाथ सरकला.

सिद्राम मातीकडं तोंड करून मांडी घालून बसला. घसा साफ केला. अक्का करायची तसाच.

"अक्का, ऐक. तू जिथं ठेवलंस तिथून."

आणि वाचू लागला. एका पानाला वेळ लागत होता. ट्रेनच्या जोडाक्षरावर अडकला, सुटला. हस्ताक्षर या शब्दापाशी मल्लिनाथनं हळूच उच्चार सांगितला. सिद्रामनं तो घेतला आणि पुढं गेला.

सहाव्या पानावर रणसुभेनं सगळ्यांना बंगल्याच्या दिवाणखान्यात बोलावलं. सातव्यावर दार लावून घेतलं. आठव्यावर त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला...

सिद्रामचं बोट थांबलं.

पुस्तकात लिहिलं होतं, 'वकीलसाहेब, खेळ संपला.'

सिद्रामनं मातीकडं पाहिलं. पुन्हा पुस्तकाकडं पाहिलं. बोट त्याच शब्दाखाली होतं.

"पोस्टमनदादा," तो मोठ्यानं वाचू लागला, "खेळ संपला."

मल्लिनाथनं पानावर नजर टाकली. त्याला वाचता येत होतं. त्यानं सिद्रामकडं पाहिलं, मग नजर दुसरीकडं वळवली.

पुढं सगळं अवघड होत गेलं. वकिलाचा काळा कोट आला, त्याची खाकी वर्दी करावी लागली. कोर्टातले कागद आले, त्यांचं टपाल झालं. कपाळाला घाम आला. अक्का हे सव्वीस वेळा... नाही, पंचवीस वेळा करत होती, आणि त्याला एकदाही कळलं नव्हतं. ती कधी अडखळली नव्हती. शेवटी वकील खिडकीतून उडी मारून मोटारीत बसला, आणि सिद्राम वाचत गेला:

"पोस्टमननं सायकलवर टांग टाकली. सायकल ऐंशीच्या वेगानं घाटातून निघाली..."

"सायकल? ऐंशीनं?" मल्लिनाथच्या तोंडून निघून गेलं.

"उतार होता, दाजी."

मल्लिनाथ हसला. हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं आणि त्यानं ते उपरण्यात दाबलं. सिद्रामनं पुस्तकावरची नजर न काढता डावा हात बाजूला नेला, त्याच्या गुडघ्यावर ठेवला, आणि उरलेलं पान तसंच वाचलं.

पोस्टमनला बेड्या पडल्या. पुस्तक संपलं.

"तुझंच बरोबर निघालं की गं," सिद्राम मातीला म्हणाला.

खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. पंक्चरच्या जागी खूण करायचा. मागच्या कोऱ्या पानावर त्यानं लिहिलं. एकेक अक्षर जड, खाली घसरणारं.

*भाग २७. खुनी वकील. अकाला पोसमन सांगितला.*

उठून वळला, तर करंजाखाली अप्पा उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. त्यानं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. अप्पांनी शेवटचं पान उघडलं, वाचलं आणि मिटलं.

मातीच्या पलीकडून मल्लिनाथनं डोळे पुसत विचारलं, "अप्पा, तुम्ही तर हा भाग आधीच वाचला असेल. कोण असतो हो खुनी?"

सिद्राम अप्पांकडं बघत राहिला.

अप्पांनी ओल्या मातीकडं पाहिलं...

"पोस्टमनच," ते म्हणाले.