भागीच्या ताटात घास न्हाई

न्हाई. खारीनं घास चोरला न्हाई. कोण म्हणतंय चोरला? म्हणणाऱ्यानं आधी शाळेत येऊन बघावं. चोरायला घास व्हता कुठं?

ऐक आता. नीट ऐक.

शाळेत एक लिंबाचं झाड. झाडावर एक खार. एवढीशी. बोटभर.
झाडाखाली भागी जेवायला बसायची. भागी पहिलीत. खिचडी वाढली की भागी पहिला घास पायरीवर ठेवायची.
म्हणायची, "घे गं खारे."
रोज. न चुकता.

आज खार खाली आली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.
पायरीवर घास न्हाई.
भागीचं ताट बघितलं. ताट कोरडं. भागी बोटानं ताट वाजवतीय. टण टण.
"भागे, घास कुठाय?"
"मलाच न्हाई, खारे. तुला कुठनं देऊ?"
भागीचे डोळे भरले. खारीचं पोट वाजलं. गुर्र गुर्र.
खारीचं डोकं तापलं. शेपूट फुललं.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. खार गेली पातेल्याकडं.
"पातेल्या, पातेल्या, खिचडी शिजव.
भागीच्या ताटात घास न्हाई,
माझ्या पोटात गुर्र गुर्र."
पातेलं म्हणालं, "मी न्हाई शिजवत जा. आधी चूल पेटू दे."

खारीचं डोकं तापलं. शेपूट फुललं.
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. खार गेली चुलीकडं.
"चुली, चुली, पेट की गं.
पातेलं शिजवंना,
भागीच्या ताटात घास न्हाई,
माझ्या पोटात गुर्र गुर्र."
चूल म्हणाली, "मी न्हाई पेटत जा. आधी मावशीला काडी लावू दे."

खारीचं डोकं तापलं. शेपूट फुललं.
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. खार गेली अनशीमावशीकडं. अनशीमावशी शाळेत खिचडी करती. आज पदरानं वारा घेत बसली व्हती.
"मावशे, मावशे, काडी लाव.
चूल पेटंना,
पातेलं शिजवंना,
भागीच्या ताटात घास न्हाई,
माझ्या पोटात गुर्र गुर्र."
मावशी म्हणाली, "मी न्हाई लावत जा. नुसतं पाणी शिजवू का माझं कपाळ शिजवू? आधी कोठीला तांदूळ देऊ दे."

खारीचं डोकं तापलं. शेपूट फुललं.
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. खार गेली कोठीकडं. कोठीत तांदळाची पोती. कोठीच्या दाराला हे एवढं कुलूप.
"कोठे, कोठे, तांदूळ दे.
मावशी काडी लावंना,
चूल पेटंना,
पातेलं शिजवंना,
भागीच्या ताटात घास न्हाई,
माझ्या पोटात गुर्र गुर्र."
कोठी म्हणाली, "मी न्हाई देत जा. माझ्या तोंडाला कुलूप. आधी गुरुजींना किल्ली देऊ दे."

पोती भरलेली. पोरं उपाशी. आन मधी कुलूप. आता चिडंल का न्हाई माणूस? खार तर चिडलीच.
खारीचं डोकं तापलं. शेपूट फुललं.
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. खार गेली गुरुजींकडं. गुरुजी खुर्चीवर. किल्ली खिशात. खिशावर हात.
"गुरुजी, गुरुजी, किल्ली द्या.
कोठी तांदूळ देईना,
मावशी काडी लावंना,
चूल पेटंना,
पातेलं शिजवंना,
भागीच्या ताटात घास न्हाई,
माझ्या पोटात गुर्र गुर्र."
गुरुजी म्हणाले, "मी नाही देत, जा. तपासणीला आलेले साहेब काल बजावून गेलेत. खिचडीची चव आधी पोरांच्या घरच्या माणसानं बघायची. आज पाळी तात्यांची. आधी तात्यांना येऊ दे."

अहो गुरुजी, चव बघायची ती वाढायच्या आधी. शिजवायच्या आधी न्हवं. पर सांगायचं कुणी? गुरुजींनी खिशावरचा हात काय काढला न्हाई.

खारीचं डोकं तापलं. शेपूट फुललं.
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. खार गेली तात्याकडं. तात्या म्हणजे भागीचा बाप. घरच्या ओट्यावर बसला व्हता. भाकरी खाऊन, पोटावर हात फिरवत. ढेर्र.
"तात्या, तात्या, शाळेत चल.
गुरुजी किल्ली देईनात,
कोठी तांदूळ देईना,
मावशी काडी लावंना,
चूल पेटंना,
पातेलं शिजवंना,
भागीच्या ताटात घास न्हाई,
माझ्या पोटात गुर्र गुर्र."
तात्या म्हणाला, "मी न्हाई येत जा. आधी खिचडी शिजू दे. कच्चं तांदूळ चघळू काय?"

खार म्हणाली, "तू यायचास शिजल्यावर. आन शिजायची तू आल्यावर. मग पोरं जेवायची कवा?"
तात्या म्हणाला, "ते मला काय म्हाईत?"
"पोरगी तुझीच हाय ना रं तात्या?"
तात्यानं दुसरीकडं तोंड केलं. ढेर्र.

बास. झालं.
खारीचं डोकं लई तापलं. शेपूट लई फुललं.
खारीनं तात्याच्या पायाचा अंगठा धरला. आन चावली. करकच्च.
"आयायाया, सोड गं माझे आये."
"चलतोस का?"
"चलतो, चलतो."

तात्या पुढं, धप धप. खार मागं, टुणुक टुणुक.

तात्या शाळेत आला.
गुरुजींनी किल्ली दिली. खट्ट.
कोठीनं तांदूळ दिला. सळसळ सळसळ.
मावशीनं काडी लावली. फुर्र.
चूल पेटली. भडभड भडभड.
पातेलं शिजवाय लागलं. रटरट रटरट.

खिचडी झाली. पिवळी पिवळी. गरम गरम.
तात्यानं एक घास घेतला. फू फू.
"बरी हाय," म्हणाला. आन पुन्यांदा हात घातला.
खार म्हणाली, "चव एकदाच बघत्यात. हात काढ."
मावशी पदर तोंडाला लावून हसली. तात्यानं हात काढला.

मावशीनं वाढलं. थप थप. सगळ्या पोरांना. पोटभर.
भागीनं पहिला घास उचलला. पायरीवर ठेवला.
"घे गं खारे."
खारीनं घास दोन्ही हातांत धरला. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.
शेपूट बारीक झालं. पोट गप झालं.

आता तुम्ही. व्हय, तुम्हीच, पोराला मांडीवर घेऊन वाचताय ते. तुमच्या पोराच्या शाळेत उद्या जा. जेवायच्या आधी जा. पातेल्यात काय शिजतंय ते बघा. कोठीला कुलूप दिसलं तर काढायला लावा. काढल्याबिगर घरी येऊ नका.