चोरटेकावरचा रिकामा ओटा

माझी शाळा सातवीत सुटली. त्यामुळे लिहिण्यात चुका असतील आणि शब्दही साधेच आहेत, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पुराच्या दिवसांत टेकडीवरच्या निवारा शेडमध्ये आसपासच्या वाड्यांतले लोकही राहायला येतात. ते विचारतात, देवीची टेकडी आणि नाव चोरटेक, असे का? मला चार लोकांत बोलता येत नाही. म्हणून मारुतीतात्या गुरव सांगतात तसे लिहून शेडच्या भिंतीवर लावतो आहे.

शेडच्या मागे दगडी ओटा आहे. त्याच्या मधोमध माती वाहायच्या पाटीच्या बुडाएवढा गोल खळगा पडलेला दिसेल. वर्षभर ओटा रिकामा असतो, कारण आमची तांबजाई खाली नदीकाठच्या देवळात असते. तिला मूर्ती नाही. शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला गोल दगड आहे, मोठ्या नारळाएवढा.

फार पूर्वी सगळे गाव नदीकाठीच होते, असे सांगतात. गावात गोजरा नावाची कुंभारीण होती. नवरा मडकी विकायला परगावी गेलेला, घरात ती आणि सासू. सासूचे पाय गेलेले होते.

श्रावणात एका सकाळी गोजरा मातीच्या खड्ड्यावर गेली. खड्डा नदीपासून बराच वर होता आणि आदल्या दिवशी कोरडा होता. त्या दिवशी त्यात गुडघाभर पाणी होते. पाऊस उघडलेला होता, ओढा कुठे फुटला नव्हता. पाणी खालून, जमिनीतून वर येत होते. ती बघत उभी राहिली तेवढ्या वेळात ते बोटभर चढले.

ती धावत देवळात आली. गुरवाने कौल लावला. तांदळ्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर निघायचे, डावी पडली तर राहायचे. डावी पडली.

"गोजरे, देवीपेक्षा तुझ्या खड्ड्याला जास्त कळतंय व्हय?" गुरव म्हणाला आणि लोक हसले.

दुपारी पाणी खालच्या गल्लीत आले तरी कोणी उठले नाही. जिथे देवी बसली तिथे गाव बसणार. लोकांनी दारे लावून घेतली आणि आत बसून राहिले. पोरांनाही बोलू दिले नाही म्हणे.

गोजरा सासूपुढे पाठ करून बसली. "आत्त्या, गळ्याला मिठी घाला."

सासू म्हणाली, "मला नेलंस तर मी एकटी वाचंन. देवीला उचल. ती गेल्यावर गाव हितं कशाला बसंल?"

गोजरेने पाटी घेतली. गाभाऱ्यात कुंभारणीने पाय ठेवायचा नव्हता, तिने ठेवला. तांदळा हलवून काढला, पाटीत ठेवून डोक्यावर घेतला आणि मधल्या गल्लीने निघाली, सगळ्यांना दिसावी म्हणून.

"कुंभारणीनं देवी चोरली." एक हाक आली आणि दारे उघडली. पुरुष काठ्या घेऊन धावले, त्यांच्या मागे बायका, कडेवर पोरे. एक दगड गोजरेच्या कानावर बसला. ती घाबरली नव्हती असे समजू नका, असे तात्या नेहमी सांगतात. मागे माणसे आणि माणसांच्या मागे पाणी. पण डोक्यावर पाटी असली की कुंभारणीची मान हलत नाही.

वर टेकडीवर पोचल्यावर तिने पाटी टेकवली. काठ्या उगारल्या गेल्या. तेवढ्यात खालून दगडांची गाडी रिकामी करावी तसा आवाज आला. लोक वळले. खालची गल्ली नव्हती. नुसते देवळाचे शिखर दिसत होते.

गोजरा एवढेच बोलली, "माझी आत्त्या खाली हाय."

गुरव धावला. अर्ध्या उतारावरच पाणी लागले. तो छातीपर्यंत भिजून एकटाच परत आला आणि सगळ्यांदेखत गोजरेच्या पायाशी बसला. "हितनं पुढं चोराच्या घरचं माणूस आधी गुरवाच्या पाठीवर, मग गुरवाचं घर," असा शब्द त्याने दिला.

तो शब्द आजही चालतो. आता सरकारी शेड झाली, सूचना देणारी जीप येते, घरोघरच्या नावांची यादी होते. तरीही देवी हलल्याशिवाय गाव हलत नाही. ती कधी चोरायची हे कुंभाराच्या घराने ठरवायचे. कोणी सांगायचे नाही, त्यांनी विचारायचे नाही. देवी निघाली की सगळ्यांनी दारे उघडी टाकून शिव्या देत मागे यायचे. पाणी आलेच नाही तर मात्र चोराला हसतात. माझ्या वडिलांनी सहा वर्षांपूर्वी देवी नेली आणि पाणी देवळाच्या पायरीवरून परत फिरले. वडील वारेपर्यंत लोक त्यांना "उतावळा चोर" म्हणत.

आता त्या घरात मी आणि आई. चैत्रात पडून आईचे खुब्याचे हाड मोडले, ती उठत नाही.

यंदा श्रावणात दुपारी जीप फिरली. नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब निवारा केंद्रात जावे, असे दोनदा सांगून गेली. पारावरचे म्हणाले, "पायऱ्या बुडू देत, मग बघू." संध्याकाळी मी आमच्या खड्ड्यावर गेलो. गुडघाभर पाणी होते.

घरी येऊन म्हणालो, "आई, आधी तुला टेम्पोतून वर सोडतो."

"आणि गाव?" ती म्हणाली. "दार उघडं ठिवून जा. तात्या येतील."

"नाही आले तर?"

तिने माझा हात धरला होता, तो सोडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पाटी धुतली, आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि दार उघडे टाकून निघालो. देवळाच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. तांदळा डोक्यावर घेऊन मधल्या गल्लीने चालू लागलो. "धरा त्या चोराला" अशी हाक आली, मग शिव्या, मग पुष्कळ पायांचे आवाज. चोराने मागे वळायचे नसते. पूर्ण चढ मी आईच्या आवाजासाठी कान देत होतो.

ओट्यावरच्या खळग्यात पाटी टेकवली आणि मगच वळलो. लोक बाजूला होऊन वाट देत होते. मधून मारुतीतात्या वाकून, धापा टाकत येत होते. त्यांच्या पाठीवर आई होती. ती त्यांना म्हणत होती, "दमानं चला तात्या, चोर कुठं पळून जात न्हाई."